सात वेळा सुटलेला डोळा

मला मारामारी आवडते. खोटं कशाला बोलू? एकवीस वर्षं मी बॉक्सिंगच्या रिंगला खेटून बसते आहे. गालावर ठोसा बसतो, ओठ नाकाच्या एका बाजूला सरकतात, केसांतला घाम उडून दिव्यात चमकतो, आणि तेवढ्या क्षणासाठी मी तासन्‌तास मांडी घालून बसू शकते. सज्जन माणसं विचारतात, हे तुम्हाला बघवतं कसं? मी सांगते, बघवत नाही म्हणून तर कॅमेऱ्यातून बघते. ही शुद्ध थाप आहे. मला उघड्या डोळ्यांनीही बघवतं.

त्या दिवशी माझ्याकडे दोन कॅमेरे होते. एक माझा, सात वर्षं वापरून कडांचा रंग उडालेला. दुसरा नवाकोरा, कंपनीने मासिकाकडे तपासायला पाठवलेला. आमच्या संपादकांना दोघांची तुलना हवी होती: कमी उजेडात, जोरात हलणाऱ्या माणसावर कोण लवकर आणि नेमका फोकस धरतो, आणि कुणाचा फोटो स्वच्छ येतो. "कविता नको, आकडे द्या," असं त्यांनी बजावलं होतं. जणू मी आयुष्यभर कविताच पाडत आले होते.

फरक सोपा होता. जुन्यात फोकसचा ठिपका मला अंगठ्याने सरकवावा लागतो. नवा स्वतःच माणसाचा डोळा शोधतो, त्यावर एक बारीक हिरवा चौकोन बसवतो आणि माणूस कुठेही पळाला तरी डोळा सोडत नाही, असा कंपनीचा दावा. मी गुडघ्यावर पुठ्ठा घेतला, त्यावर तक्ता चिकटवला आणि पेन्सिल सुतळीने बांधली. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची. पहिली दीड मिनिटं जुना, उरलेली दीड नवा. चौकोन डोळ्यावरून सुटला की भिंतीवरच्या घड्याळात बघायचं आणि वेळ लिहायची.

दुपारचे तीन वाजले होते, पण हॉलमध्ये तिन्हीसांज झालेली. खिडक्यांना काळे पडदे, रिंगवर चार दिवे, त्यातला एक मेलेला. परीक्षेला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

आणि रिंगमध्ये माझा धाकटा भाऊ होता.

घरात त्याला बारक्या म्हणतात. वजन एक्क्याऐंशी किलो, पण सातव्या महिन्यात जन्मला तेव्हा पडलेलं नाव अजून सुटलेलं नाही. वय चौतीस. ही त्याची शेवटची संधी, असं त्याने बायकोला कबूल केलं होतं. जिंकला तर निवड होऊन एक मोठी स्पर्धा खेळायला मिळणार होती, हरला तर ग्लोव्ह्ज कायमचे खुंटीला. समोर चोवीस वर्षांचा एक दांडगा पोरगा होता. तो बांधकामावर विटा रचायचा, म्हणून सगळे त्याला गवंडी म्हणत.

बारक्याचा आणि माझा एक करार होता. खूप वर्षांपूर्वी त्याला नाकावर मार बसला तेव्हा मी रिंगजवळून किंचाळले होते, "अरे, सोड त्याला!" अख्खा हॉल हसला. घरी आल्यावर त्याने मला सुनावलं, "ताई, रिंगजवळ तू फोटोवाली. बहीण घरी ठेवून यायची. परत तोंड उघडलंस तर मी तुला ओळख दाखवणार नाही." तेव्हापासून मी तोंड उघडलं नव्हतं. त्याच्या दोन बरगड्या मोडल्या, त्याचा दात माझ्या पिशवीवर येऊन पडला, तरी नाही. दातासकट फोटो मात्र काढला होता.

पहिल्या दोन फेऱ्या बारक्याच्या होत्या. त्याने गवंड्याला दोरांशी रेटलं आणि पोटात असे ठोसे घातले की मला ते आवाज पायांखालच्या फळ्यांतून जाणवत होते. गवंड्याची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं, तसा तो आंधळ्यासारखे हात फिरवायला लागला. आणि नवा कॅमेरा! काय सांगू! चौकोन बारक्याच्या डाव्या डोळ्यावर बसला तो बसला. पंच मध्ये आला, हात आडवा आला, डोकं खाली गेलं, तरी तो डोळा शोधून परत तिथेच. माझ्या बाजूने बारक्याचा डावा डोळा जवळ पडायचा, म्हणून मी कॅमेऱ्याला तोच धरायला सांगून ठेवलं होतं. दोन फेऱ्यांत एकदाही सुटला नाही. जुन्याचे मात्र दहातले चार फोटो पुसट. मला स्वतःच्या जुन्या कॅमेऱ्याची थोडी लाज वाटली.

तिसऱ्या फेरीत गवंड्याला सूर सापडला. दोन मिनिटं होत आली असताना त्याचा उजवा हात लांबून, वळसा घेऊन आला आणि बारक्याच्या डाव्या कानशिलावर बसला. सुक्या लाकडावर घण पडावा तसा आवाज झाला. बारक्याचे गुडघे एकदा लचकले, मग सरळ झाले. त्याने मान झटकली आणि हसला. मला तो ठोसा पूर्ण मिळाला होता, सलग चौदा फोटो. मनातल्या मनात मी टाळी वाजवली. हे लिहिताना हात जड होतो आहे, पण वाजवली होती.

दोन मिनिटं चौदा सेकंदांनी चौकोन सुटला. बारक्याचं तोंड थेट माझ्याकडे होतं, उजेड तोच, अंतर तेच, आणि चौकोन उडी मारून पंचाच्या तोंडावर जाऊन बसला. घंटा व्हायच्या आधी आणखी एकदा तसंच झालं. मी दोन्ही वेळा लिहिल्या.

चौथ्या फेरीत चार वेळा. मी चिडले. दोघं एकमेकांना मिठी मारून मानेवर, कानावर, मिळेल तिथे हाणत होते, लाळेत रक्त मिसळून बारक्याच्या छातीवर ओघळत होतं, याहून चांगलं दृश्य मिळणार नव्हतं, आणि हा लाखमोलाचा डबा डोळा सोडून कधी पंच धरत होता, कधी दोर. आता नव्याचं पितळ उघडं पडलं, असं मला वाटलं. लेखातलं एक वाक्यसुद्धा सुचलं: 'कंपनीचा डोळा तिसऱ्या फेरीत मिटतो.' फार खूश झाले मी त्या वाक्यावर.

घंटा झाली. एक मिनिट विश्रांती. मी सवयीने मान खाली घालून फोटो बघायला लागले. आम्हा फोटोवाल्यांची ही खोड. माणूस दहा फुटांवर बसलेला असतो आणि आम्ही त्याला पडद्यावर बघतो. चूक नेमकी कशी झाली ते बघावं म्हणून मी चौथ्या फेरीतला जुन्याचा फोटो मोठा केला. डोळ्याच्या जागी दाणेदार काळा डाग, त्यात काही कळेना. मग नव्याचा मोठा केला. कमी उजेडात हा कॅमेरा जे करतो ते खरंच अफाट आहे. पापणीचा केस न्‌ केस वेगळा दिसत होता.

पापणी सुजलेली नव्हती.

मार बसलेल्या डोळ्यांचे हजारो फोटो मी काढलेत. सुजलेली पापणी ताणलेली असते, जांभळट, चकाकणारी. बारक्याची पापणी नुसती लोंबत होती. तिच्याखालून दिसणारी बाहुली मोठी झाली होती, इतकी की भोवतीचा तपकिरी रंग जवळजवळ उरलाच नव्हता. उजवी बाहुली मात्र नेहमीएवढी. आणि डावा डोळा माझ्याकडे बघतच नव्हता, बाहेरच्या बाजूला वळला होता. मी मागचे फोटो उघडले. ज्या ज्या वेळी चौकोन सुटला होता, त्या त्या वेळी डोळा तसाच होता. कॅमेरा चुकत नव्हता. त्याला शिकवलेला डोळा तिथे उरला नव्हता.

मी वर बघितलं. मास्तर, म्हणजे बारक्याचे कोच, त्याच्या तोंडावर पाणी मारत होते. हॉलचे डॉक्टर पलीकडच्या बाजूला गवंड्याची भुवई बघत होते.

"मास्तर!" मी ओरडले. "त्याचा डोळा बघा, डावा डोळा!"

"सूज आहे हो, येते तशी!" मास्तरांनी मान न वळवता सांगितलं. "तुमचं काम करा ना तुम्ही!"

बारक्याने ऐकलं होतं. त्याने उजव्या डोळ्याने माझ्याकडे रागाने बघितलं. घंटा झाली.

आणि पाचव्या फेरीत माझा भाऊ जिंकायला लागला. कसा कोण जाणे. त्याने गवंड्याच्या हनुवटीवर खालून असा ठोसा ठेवला की त्याचा दातांवरचा रबर उडून दोरांबाहेर पडला. मग दुसरा, तिसरा. गवंड्याचे हात खाली आले. लोक बाकांवर चढले. आणखी अर्धं मिनिट, आणि बारक्याला हवं होतं ते मिळणार होतं. मी काय केलं? मी नवा कॅमेरा उचलला आणि डोळ्याला लावला. खात्री करायला, असं मी स्वतःला सांगितलं. चौकोन बारक्याच्या तोंडावर भिरभिरला, टिकला नाही, दोरांवर गेला. सातवी वेळ. तेवढ्यात गवंड्याने झोकांड्या खात एक हात फिरवला. बारक्याला तो येताना दिसलाच नाही. पुन्हा डावं कानशील.

मी उठले आणि कॅमेरा रिंगमध्ये फेकला.

लेन्ससकट तो पंचाच्या पायांशी आपटला, काच फुटून सगळीकडे उडाली. पंचाने दोघांना वेगळं करून लढत थांबवली. भर हॉलमध्ये मला शिव्या पडल्या, कुणीतरी पाण्याची बाटली फेकून मारली, ती माझ्या कानावर बसली. बारक्या दोरांपाशी आला. त्याचं अर्धं तोंड रागाने थरथरत होतं, अर्धं नुसतंच होतं.

"जिंकत होतो ना गं," तो म्हणाला. शब्द जड येत होते. "ताई, जिंकत होतो ना..."

मग तो वरच्या दोरावरून माझ्या अंगावर कोसळला. एक्क्याऐंशी किलो. माझा खांदा निखळला, पण मी त्याचं डोकं जमिनीला लागू दिलं नाही.

रुग्णालयात त्याला आत नेण्याआधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई धावत बाहेर आल्या. "डोळ्याची पापणी कधीपासून पडली? अंदाजे सांगा."

"तिसरी फेरी, दोन मिनिटं चौदा सेकंद," मी म्हणाले आणि तक्ता पुढे केला.

त्यांनी तो वाचला, घड्याळ बघितलं आणि आत गेल्या. कवटीच्या आत रक्त साठत होतं, मेंदूला दाबत होतं. त्यांना ते चार तास उपसावं लागलं.

माझी भावजय आली तेव्हा तक्ता माझ्या मांडीवर होता. तिने तो उचलला. "हे सात आकडे कसले, ताई?"

मी सांगितलं. काही लपवलं नाही. पहिल्या वेळेपासून कॅमेरा फेकेपर्यंत सहा मिनिटं सव्वीस सेकंद गेले, तेही सांगितलं.

"आणि तुम्ही लिहीत बसलात?"

"मला वाटलं, कॅमेरा चुकतोय."

तिने मला थोबाडीत मारली. पाठोपाठ दुसरी. निखळलेल्या खांद्यापर्यंत कळ गेली. मी हात वर केला नाही. नंतर ती माझ्याच शेजारी बसून रडली, कारण तिथे बसायला दुसरी जागा नव्हती.

तो वाचला. उजवा हात अजून पुरता उचलत नाही, डावी पापणी अर्धी खाली असते. पंचांनी लढत गवंड्याला दिली. सात आठवडे बारक्या माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी का फेकला म्हणून तो रागावलेला, आधी का नाही फेकला म्हणून भावजय. एकाच घरात दोघंही बरोबर होते, आणि मी रोज त्या घरी जात होते.

गेल्या आठवड्यात संपादकांनी दुसरा कॅमेरा पाठवला. तुलना पूर्ण करायची होती. तक्त्यातले सातही आकडे मी नव्याच्या चुकांमधून खोडले होते, तिथे शून्य लिहिलं होतं. पिशवी खांद्याला तशीच अडकवून मी भावाच्या घरी गेले. बारक्या खिडकीपाशी बसून उजव्या हाताने रबरी चेंडू दाबत होता. दिवस कलला होता, खोलीत उजेड कमी होता. त्याने पिशवीकडे बघितलं.

"तोच का?"

"तसलाच."

चेंडू त्याच्या हातातून पडला. तो आपणहून उचलेपर्यंत मी थांबले. तीन प्रयत्न लागले.

"डावा पकडतो का बघ," तो म्हणाला.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकोन उजव्या डोळ्यावर बसला. बारक्याने डाव्या हाताने उजवा डोळा झाकला, कपाळाला आठ्या घालून पापणी वर ओढायचा प्रयत्न केला. चौकोन भिरभिरला. खिडकीच्या गजावर गेला, परत आला, डाव्या डोळ्यावर टेकला, सुटला.

"पकडला?"

मी कॅमेरा खाली घेतला नाही.

"पकडला," मी म्हणाले. "अर्धा सेकंद."

"परत बघ," तो म्हणाला. "लिहू नकोस, नुसतं बघ."