आवाज करायचा नाही

इसिडोरच्या पायात गंजका खिळा घुसला, तेव्हा कुणीच ते फारसं मनावर घेतलं नाही. चौसष्ट साल होतं, आणि पोयसरच्या शेतात भाताची कापणी जोरात चालली होती. त्याने खिळा उपटला, जखमेवर हळद दाबली आणि पुन्हा विळा हातात घेतला. आठवड्याने एका सकाळी चहा त्याच्या ओठांवरून खाली ओघळला. तोंडच उघडेना. संध्याकाळपर्यंत त्याची पाठ कमानीसारखी ताठली होती.

"धनुर्वात," इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्याला काळे पडदे लावलेल्या वेगळ्या खोलीत ठेवलं. बायकोला, इनेझला, दाराशी थांबवून ते म्हणाले, "बाई, आत आवाज करायचा नाही. दार आपटलं, खाटेला धक्का लागला, तरी झटका येईल. एखाद्या झटक्यात श्वास थांबू शकतो."

इनेझ खाटेजवळ बसली. मणी वाजू नयेत म्हणून तिने रोझरी मुठीत आवळून धरली. इसिडोर शुद्धीवर होता. त्याचे फक्त डोळे हलत, आणि ते सारखे तिच्याकडेच वळत.

तिला प्रार्थना सुचत नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या रोझलिनला घटसर्प झाला होता. तेव्हा सगळं गाव वेशीवरच्या खुरिसापाशी, क्रुसापाशी, गुडघे टेकून बसलं होतं आणि सगळ्यांत मोठा आवाज इनेझचा होता. पोर सहा वर्षांची होती. गेली. त्यानंतर इनेझ दर रविवारी देवळात जायची, पण देवाकडे तिने काही मागितलं नव्हतं. आता मागायचं तर कुठल्या तोंडाने, आणि कशाच्या भरवशावर?

चौथ्या दिवशी दुपारी इसिडोरची धाकटी बहीण व्हायोलेट आली. तिने इनेझला हाताला धरून बाहेर आणलं.

"वहिनी, खाली टॅक्सी उभी आहे. दादाला घरी नेऊ या."

"वेडी झालीस? गाडीच्या पहिल्याच धक्क्याला जाईल तो."

"तसाही जाणारच आहे ना! निदान आपल्या घरात तरी जाऊ दे. या काळोखात किती दिवस सडवणार त्याला?" व्हायोलेटचा आवाज चढला. इनेझने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. व्हायोलेटने तो बाजूला केला आणि दातओठ खात कुजबुजली, "रोझलिनच्या वेळी घसा फुटेस्तोवर ओरडलीस. ऐकलं देवाने? आता कुणाची वाट बघतेस?"

इनेझचा चेहरा पांढरा पडला. तिने भिंतीला पाठ टेकली.

"नाही ऐकलं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी रोज त्याच्याशी भांडते आहे, व्हायोलेट. पण भांडायला तरी तोच लागतो ना गं? त्याला सोडायचं असतं तर पोरीला मातीत ठेवलं त्याच दिवशी सोडलं असतं. टॅक्सी परत पाठव. इसिडोर वाचेल की नाही, मला ठाऊक नाही. पण त्याचा श्वास चालू आहे तोवर मी त्याला मेलेला समजणार नाही."

तेवढ्यात पॅसेजमध्ये कुणाच्या तरी हातून पत्र्याचा ट्रे खणखणत पडला.

इनेझ आत धावली. इसिडोरचं अंग टाचा आणि डोकं यांच्यावर उचललं गेलं होतं. ओठ निळे पडत होते, छाती हलत नव्हती. डॉक्टर आणि नर्स धावत आले. "श्वासासाठी गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागेल. बाहेर व्हा!"

दार बंद झालं. व्हायोलेट मटकन खाली बसली. इनेझ उभीच राहिली. ओठ मिटलेले ठेवून ती मनातल्या मनात बोलू लागली. 'मागच्या वेळी तू दिलं नाहीस. आजही देशील की नाही, ठाऊक नाही. तरी मागते. वाचव त्याला. आणि नाही वाचवलंस, तर मला एकटीला टाकू नकोस.' रडू फुटलं, तेव्हा तिने पदर तोंडात कोंबला.

किती वेळ गेला, दोघींनाही कळलं नाही. दार किलकिलं झालं. आतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

"नळीतून श्वास घेतो आहे," नर्स हळूच म्हणाली. "धोका अजून टळलेला नाही. पण घेतो आहे."

त्यानंतरही झटके येत राहिले, मग हळूहळू विरळ झाले. नाताळ इस्पितळातच गेला. इसिडोर घरी आला तो हाडांचा सापळा होऊन. बोलायला लागला की आवाज फाटायचा.

तो पहिल्यांदा देवळात आला त्या रविवारी गर्दी होती. लोक त्याला हात लावून बघत होते. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी बाकाशी उभी असलेली व्हायोलेट इनेझच्या कानाशी वाकली.

"वहिनी, खरं सांग. दादा गेला असता, तर आज इथे आली असतीस?"

इनेझने तिच्याकडे वळून पाहिलं.

"आले असते," ती म्हणाली. "रडत आले असते, पण आले असते."

आणि बाकावर जरा सरकून तिने व्हायोलेटला जागा करून दिली.