मुलाम्याखालचं पदक

मित्रांनो, मी एक जुनं लष्करी पदक आहे. वयाने शंभरी ओलांडली, पण अजून एका जागी स्वस्थ बसायची सवय लागली नाही. माझ्या एका बाजूला परदेशी राजाचं तोंड आहे, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस आणि १९१४, १९१८ ही सालं. राजाचं नाक मात्र शोधू नका. ते द्रौपदाबाईने राखेने घासून घासून कधीच घालवलं.

माझा जन्म टाकसाळीत झाला. तापवलेल्या पट्टीतून चकती कापली, दोन ठशांमध्ये धरली आणि वरून असा दणका दिला की राजा आणि घोडा एकदमच अंगावर उमटले. त्याच ठशातून माझी चांदीची भावंडंही निघाली. ती बंदूक धरणाऱ्यांसाठी होती. मी कांस्याचं, काळपट तांबूस. लढाईत ज्यांनी पोती, पेट्या आणि जखमी माणसं वाहिली, त्यांच्यासाठी आम्ही कांस्याची. शेवटी एका माणसाने बारीक ठसे घेऊन माझ्या कडेवर एकेक इंग्रजी अक्षर ठोकलं. आधी नंबर, मग 'कुली', मग 'चिंधा'. तेव्हापासून मी त्याचं झालं.

हा चिंधा दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातला. विशीत असताना दोंडाईच्याच्या स्टेशनावरून तो गाडीत बसला तो थेट समुद्रापलीकडे, लढाईतल्या बसरा बंदरावर उतरला. बोटीतून किनाऱ्यावर आणि किनाऱ्यावरून बोटीत, दोन वर्षं त्याने ओझी वाहिली. मी त्याला मिळालं ते तो परत आल्यावर. त्याने मला छातीवर कधीच लावलं नाही. त्याच्या चंचीत, तंबाखू आणि चुन्याच्या डबीशेजारी मी राहायचं. कधी फार थंडी पडली की तो मला बाहेर काढायचा, अंगठ्याने कड चाचपायचा आणि पुन्हा ठेवून द्यायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण तिथे काय लिहिलंय हे त्याला ठाऊक होतं.

तो गेला आणि मी त्याच्या सुनेकडे, द्रौपदाबाईकडे आलं. माझे लाडाचे दिवस तेच. दर वर्षी चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी ती चुलीतली राख आणि चिंचेचा कोळ घेऊन बसायची आणि मला लखलखीत करून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवायची. राजाचं नाक त्यातच गेलं. कडेवरच्या अक्षरांत राख आणि कोळ जाऊन बसला, तो निघाला नाही. पण मुलं यायची, मला हातात घ्यायची, 'आपल्या चिंधाबाबाचं' म्हणायची. मला आणखी काय हवं होतं?

आता आधारची गोष्ट ऐका, कारण माझी खरी कहाणी त्याच्यापाशीच अडकली आहे. आधार म्हणजे द्रौपदाबाईचा मुलगा, चिंधाचा नातू. आजोबा गेले तेव्हा तो सहा वर्षांचा. शाळेत मास्तरांनी विचारलं तेव्हा तो छाती काढून म्हणाला, 'आमचा आजा सिपाई होता.' घरी कुणी त्याला तसं सांगितलेलं नव्हतं. पदक आहे म्हणजे शिपाई असणारच, असं त्याने आपलं आपणच ठरवलं. पुढे तो एसटीत मेकॅनिक झाला आणि वीस वर्षांचा असताना त्याचा साखरपुडा ठरला. त्या दिवशी मंडपात त्याने मला सगळ्यांत फिरवलं. नेमकं मुलीकडच्या एका म्हाताऱ्याच्या खिशात माझं चांदीचं भावंड निघालं. आम्हा दोघांना एका ताटलीत ठेवलं गेलं. म्हातारा हसून म्हणाला, "आमनं चांदीनं शे. तुमनं पितळनं दिखस."

सगळे हसले. आधारही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. दुसऱ्याच आठवड्यात धुळ्याला जाऊन त्याने मला एका मुलामा देणाऱ्याकडे दिलं. त्याच्या चांदी चढवायच्या पाण्यात मी किती वेळ होतं कोण जाणे. बाहेर आलं तेव्हा मी चांदीचं दिसत होतं.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं, "धुळ्याले साफ करी लयनू. आते घासू नको, खराब व्हई." द्रौपदाबाईने मला हातात घेतलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि एका डबीत ठेवून दिलं. त्या वर्षापासून राख बंद, चिंच बंद, तसबिरीखालची जागाही बंद झाली. चाळीस वर्षं मी डबीत. दुसऱ्याचा सदरा घालून बसवलेल्या माणसासारखी माझी गत झाली. अंग सारखं खाजत असावं असं वाटायचं, आणि सांगणार कुणाला?

या थंडीत डबी उघडली ती सरपंच कुंदाबाईमुळे. गावातून दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावं दगडावर कोरून तो सव्वीस जानेवारीला वेशीवर बसवायचा, असं ग्रामपंचायतीने ठरवलं. ऐंशीची द्रौपदाबाई काठी टेकत ग्रामपंचायतीत गेली आणि सासऱ्याचं नाव सांगून आली. पण त्याआधी कुणीतरी बाजारातून विकत आणलेलं पदक दाखवून नाव घुसवायचा प्रयत्न केला होता. तेव्हापासून कुंदाबाई सावध झाली होती. घरी येऊन ती आधारला म्हणाली, "भाऊ, राग नका धरू, पन आते दाखला लागी. पदक खरं शे असं जाणकारना हातनं लिखी आना. सोमवारले कोरनारा येस."

आधारचा चेहरा पडला, हे मी डबीतूनही ओळखलं. त्याला रात्री जेवण गेलं नाही.

त्याची मुलगी स्नेहल जळगावला शिक्षिका आहे, तिथल्याच मेहरूण भागात राहते. तिच्या गल्लीत अमृतनाना म्हणून एक म्हातारे आहेत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता जुनी नाणी आणि पदकं पाहतात. दुरून माणसं त्यांच्याकडे येतात आणि ते कुणाच्या तोंडाकडे पाहून लिहीत नाहीत. स्नेहलनेच त्यांना विचारून शनिवार ठरवला. आधार मला रुमालात गुंडाळून दोंडाईच्याहून गाडीत बसला. नरडाणा गेलं, अमळनेर गेलं, धरणगाव गेलं, पण त्याचा हात खिशातून निघाला नाही. दर दोन मिनिटांनी तो मला चाचपत होता. मी हरवेन याची त्याला भीती नव्हती. उलट मी हरवलं तर बरं, असं काहीतरी त्याच्या मनात येत असावं. दाराशी उभं राहून तो एकदा रुमाल हातात घेऊन बाहेर पाहत राहिला, पण मला टाकून द्यायला खाली तापीचं पाणी नव्हतं, नुसतं कापसाचं रान होतं. मग पुन्हा आत येऊन बसला.

अमृतनानांनी मला खिडकीजवळच्या टेबलावर घेतलं. आतून भरिताच्या वांग्यांचा वास येत होता. त्यांनी आधी लोहचुंबक लावलं, मी चिकटलं नाही. मग मोजपट्टी लावली, माप बरोबर निघालं. मग वजनकाट्यावर ठेवलं आणि त्यांचा हात थांबला.

"हलकं आहे," ते म्हणाले. "एवढ्या मापाचं चांदीचं पदक यापेक्षा जड असतं."

घड्याळजीची काच डोळ्याला लावून त्यांनी मला इंच इंच पाहिलं. शेजारी बसलेल्या स्नेहलला ते समजावून सांगत होते, "नकली पदक साच्यात ओततात, बेटा. त्याच्यावर बारीक बुडबुडे दिसतात, कडेला जोडाची रेघ असते. खऱ्यावर ठसा दाबलेला असतो. इथे बुडबुडे नाहीत, रेघ नाही. पण हे बघ, कानाकोपऱ्यात चांदी सुटली आहे. वर मुलामा आहे. चांदीचं नसलेलं पदक चांदीचं म्हणून दाखवायला कुणीतरी हे केलं. विकत घेताना घरच्यांची फसवणूक झाली असेल."

"विकत नाही घेतलं, नाना," स्नेहल म्हणाली. "पणजोबांचं आहे. हो ना, बाबा?"

आधारने मान खाली घातली. नानांनी वही ओढली, पेनाचं टोपण काढलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी ओरडलं असतं. एका कागदावर 'नकली' लिहिलं जाणार होतं, तो कागद गावी जाणार होता आणि दोन वर्षं पाठीवर पोती वाहिलेल्या माणसाचं नाव पुसलं जाणार होतं. आणि ते थांबवू शकणारा एकटा माणूस समोर बसून गुडघे चोळत होता.

"नाना, थांबा," आधार म्हणाला. "मुलामा मी दिलाय. चौऱ्यांशी साली, धुळ्याला. हे आधीपासून तांब्यासारखंच होतं. लोक हसले म्हणून..."

स्नेहल त्याच्याकडे पाहत राहिली. आपले बाबा असं काही करतील हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. नानांनी पेन खाली ठेवलं आणि जरा रागानेच म्हणाले, "अहो, हे आधी सांगायचं ना. मी आता लिहून मोकळा झालो असतो."

मग त्यांनी खडूची पूड, ओला कापूस आणि दाताची काडी आणली. फक्त माझी कड घेतली, बाकी अंगाला हात लावला नाही. चाळीस वर्षांची चांदी आणि त्याखालची राख हळूहळू सुटत गेली. मला एवढं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. खालून तांबूस धातू दिसला आणि त्यात ठोकलेली अक्षरं, एक जरा वर, एक जरा खाली, हाताने ठोकल्यावर पडतात तशी.

"खरं आहे," नाना म्हणाले. "शंभर टक्के खरं. अशी काही पदकं कांस्याचीच काढली होती. नाव चिंधा. आणि नावाच्या आधी..." त्यांनी काच पुसली, पुन्हा लावली. "आधारभाऊ, तुमचे आजोबा शिपाई नव्हते. कुली होते. चांदीची शिपायांना, ही हमालांना."

त्यांनी तसंच लिहून दिलं. परतीच्या गाडीत आधारने मला एकदाही चाचपलं नाही, पण त्याचे पाय सारखे हलत होते. खरेपणाचा दाखला खिशात घेऊनही माणूस इतका बेचैन होऊ शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. शिपायाचं नाव कोरायला गेलेल्या आईला आता काय सांगायचं, हा त्याचा प्रश्न होता.

रविवारी सकाळी द्रौपदाबाई अंगणात उन्हात बसली होती. आधारने तिच्यासमोर मला ठेवलं, कागद ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. साखरपुडा, मुलामा, नाना, कुली. सांगताना तो जमिनीकडे पाहत होता.

म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माले नवं काय सांगस? मी त्यास्ना खांदा रोज शेकेल शेत. दोन्ही खांदासवर घट्टा व्हतात, एवढा एवढा. बंदूक धरीसन असा घट्टा पडतस का?"

आधारने वर पाहिलं.

"त्यास्नी सोताले कधी सिपाई म्हनं नही," ती म्हणाली. "सिपाई त्यास्ले तूच करं."

"मंग तू माले सांगं का बरं नही?"

"तू कधी इचारं?"

आधारने कागदाची घडी घातली. मग त्याने विचारलं, दगडावर नुसतं नाव टाकू का, 'कुली' सोडून देऊ का. कुंदाबाई नाही म्हणणार नाही. द्रौपदाबाईने मला उचललं, अंगठ्याने कड चाचपली. अगदी चिंधा चाचपायचा तशीच.

"जे आठे शे, तेच कोर."

सोमवारी कोरणारा आला. हवालदार, शिपाई, शिपाई, नाईक अशा नावांच्या ओळीत शेवटची ओळ त्याने कोरली, 'चिंधा, कुली, बसरा'. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर दोन तरुण दगडासमोर उभे राहून वाचत होते. एकाने विचारलं, हा कुली कोण. आधार मागेच उभा होता. त्याने सांगितलं, "मना आजा. हमाल व्हता." सांगताना त्याची मान खाली गेली नाही.

मी आता पुन्हा तसबिरीखाली आहे. कड तांबूस आणि तोंडावर अजून ती चांदी. आधार ती काढून टाकायला निघाला होता, पण द्रौपदाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तेबी या घरमाच घडनं." नाना म्हणतात जुन्या पदकाला घासायचं नसतं, म्हणून राखही आता नाही. अंगाची खाज मात्र थांबली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी जुनं, काळवंडलेलं असेल. त्याला घासू नका आणि त्याच्यावर काही चढवूही नका. ते खरं की खोटं हे जाणकाराला जरूर दाखवा. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा आणि एकदा विचारा. आधारला तेवढं करायला चाळीस वर्षं लागली, आणि सांगणारी सगळा वेळ त्याच अंगणात बसलेली होती.