बाईंना अवघडायला नको

आमच्या रंपाईताईला कुणाला 'नाही' म्हणताच येत नाही. लोक म्हणतात, काय गोड स्वभाव! चुलीत घाला तो स्वभाव. आमच्या अख्ख्या सावनखलोक गावाचा हाच रोग आहे. समोरचा अवघडेल, त्याला वाईट वाटेल, त्याची पंचाईत होईल, म्हणून इथे माणसं तोंडात गुळणी धरून बसतात. ताईला तर तो रोग जन्मापासूनच आहे. गिऱ्हाईक 'पाणी गरम लागतंय' म्हणालं, तर ही स्वतःच भाजल्यासारखी माफी मागते.

तिचं ब्यूटी पार्लर बाजारामागच्या गल्लीत आहे. पुढे दुकान, मध्ये पडदा आणि पडद्याच्या मागे आमची आई. दोन वर्षांपूर्वी तिची डावी बाजू गेली, तेव्हापासून ती पलंगावरच. जिना चढणं शक्य नव्हतं, नाहीतर मी तिला वरच्या खोलीत नेऊन बाहेरून कडी लावली असती. साथीची लस घ्यायचं ठरलं की नेमका तिला ताप यायचा, डॉक्टर म्हणायचे नंतर बघू. ते नंतर बघायचं राहूनच गेलं. छाती आधीच अधू. तेव्हा रोग घरात आला तर पहिली जाणार ती आई, हे मला माहीत होतं, ताईला माहीत होतं आणि आईलाही माहीत होतं.

म्हणून बंदी उठून दुकान उघडायची परवानगी मिळाली, तेव्हा मी नियम म्हणजे नियम असं ठरवलं. फक्त कापणं, धुणं, वाळवणं. तासाभरात गिऱ्हाईक बाहेर. आत कुणी ताटकळत बसायचं नाही, चहा नाही, मासिकं नाहीत, एसी बंद, दार उघडं. आणि मास्क काढायचा नाही म्हणजे नाही. आता केस धुताना मास्कची दोरी कानामागे आडवी येते, फेस जातो, दोरी भिजते. त्यावर मी उपाय काढला होता. दोऱ्या कापून टाकायच्या आणि मास्क दोन्ही गालांना चिकटपट्टीने चिकटवायचा. पट्टी काढताना गालाची लव ओढली जायची आणि बायका कळवळून मला शिव्या घालायच्या.

"जुम, तू केस धुतेस का कोंबडी सोलतेस?" मासेवाली मलिवान ओरडायची.

"सोललेली बरी, मेलेली नको. पड गप."

"तोंड बांधून डोकं धुवायचं! मग यायचं कशाला पार्लरला? घरी तांब्याने घेतलं असतं की ओतून."

"मग घे जा घरी ओतून. तुझ्या माशांच्या वासात शाम्पूसुद्धा बुडून मरेल."

ती खदखदून हसायची, पण पट्टी लावून घ्यायची. आधीचं गिऱ्हाईक उठेपर्यंत रस्त्यावर उन्हात उभी राहायची. ताईला ते बघवायचं नाही, ती स्टूल घेऊन धावायची. मी ते स्टूल आत घ्यायचे.

खरं सांगायचं तर बायकांचंही चूक नव्हतं. आमच्याकडे कुणी केसांसाठी येत नाही. येतात त्या आडव्या पडायला. नळाखाली मान टेकवायची, डोळे मिटायचे आणि कुणीतरी नखांनी डोकं खसाखसा खाजवून द्यायचं, मग मानेवर अंगठे दाबायचे. नवऱ्याची, सुनेची, शेजारणीची सगळी गाऱ्हाणी तिथेच फेसात निघतात. आमच्या कितीतरी म्हाताऱ्या घरी डोकं धूतच नाहीत. सगळं मन मोकळं करायची जागा ती, आणि तिथे मी तोंडाला पट्ट्या लावत होते.

मग विलैबाई आल्या.

विलैबाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मला शिकवलं, ताईला शिकवलं, गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कान पिळले. ताईचं शिक्षण अर्धवट सुटलं, तेव्हा त्यांनीच शब्द टाकून तिला पार्लरच्या कामाला लावलं होतं. निवृत्त झाल्या तरी ताठ, केस कायम फुगवून मागे बसवलेले. दर आठवड्याला त्यांची वेळ ठरलेली असायची. त्या वेळेला ताई राजाची राणी आली तरी घ्यायची नाही.

त्या दिवशी त्या भाचीच्या लग्नात चार दिवस राहून परतल्या होत्या. रेशमी ब्लाऊज, चेहऱ्यावर पावडर, हातात लिचीसारख्या लांगणाच्या फळांचा घोस. मी चिकटपट्टी घेऊन पुढे झाले.

"हे काय गं?" बाई म्हणाल्या.

"मास्क चिकटवते बाई. धुताना निघतो."

"अगं मला श्वास कोंडतो. आणि ही पावडर?"

"नियम आहे बाई. सगळ्यांनाच लावतो."

बाईंनी ताईकडे बघितलं. नुसतं बघितलं, वर्गात बघायच्या तसं. संपलं! ताईच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. तिने माझ्या हातातून पट्टी काढून घेतली.

"असू दे बाई, असू दे. तुम्ही आरामात पडा. ही जरा अतीच करते." आणि स्वतःच्या हाताने तिने बाईंचा मास्क काढून ठेवला. दार लोटलं. एसी लावला.

मी तिला दंडाला धरून मोरीकडे ओढलं. "ताई, डोकं फिरलंय का तुझं? आई आहे आत!"

"हळू बोल, ऐकतील त्या."

"ऐकू देत! मलिवानला उन्हात उभी करतो आणि ह्यांना एसी?"

"मलिवान वेगळी आणि बाई वेगळ्या. त्या आपल्या गुरू आहेत जुम. त्यांना कसं सांगायचं तोंड बांधा म्हणून? त्यांना काय वाटेल, आपण त्यांना रोगी समजतो?"

"वाटू दे की वाटायचं ते!"

"बाईंना अवघडायला नको," ती म्हणाली आणि हात पुसत निघून गेली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की शाम्पूचा डबा फेकावा वाटला. पण दुकान तिचं होतं. ती मोठी, मी धाकटी. मी झाडू घेऊन बाहेर आले आणि उगाचच स्वच्छ रस्ता झाडत बसले.

आतून लग्नातल्या जेवणाच्या गप्पा ऐकू येत होत्या. बाई मधूनमधून खोकत होत्या. "तुझ्या त्या स्प्रेचा ठसका लागला बघ," म्हणाल्या. ताई म्हणाली, "माफ करा हं बाई." स्प्रेबद्दल! वाळवून झाल्यावर बाई उठल्या आणि पडदा सारून आईकडे गेल्या. आईची विचारपूस केल्याशिवाय त्या कधीच जायच्या नाहीत. मी धावत आत आले तोवर त्या पलंगावर बसल्यासुद्धा होत्या. लांगण सोलून सोलून आईला भरवत होत्या. आई एका बाजूने हसत होती, रस हनुवटीवर ओघळत होता आणि बाई तो बोटाने पुसत होत्या.

"बघ किती खूष आहे तुझी आई," ताई मला कुजबुजून म्हणाली. खूष होती, हे खरं. माणूस भेटून तिला किती महिने झाले होते.

काही दिवसांनी सकाळी गल्लीच्या कर्ण्यावरून घोषणा देणाऱ्या प्रयूनकाकांचा आवाज आला. आमच्याकडे सगळं कर्ण्यावर कळतं, पाणी जाणार, कुत्रं हरवलं, कोण गेलं. आता रोगी सापडला की तो कुठे कुठे गेला होता ते वाचायचे. नाव सांगायचे नाहीत. "महिला, वय साठच्या पुढे. देऊळ. बँक. बाजारातलं भाजीचं दुकान. इथे गेलेल्यांनी तपासणी करून घ्यावी." ताई हात जोडून ऐकत होती. पार्लरचं नाव आलं नाही तशी ती मटकन खाली बसली.

"वाचलो गं बाई. आपलं नाही."

मलाही हायसं वाटलं. पार्लरचं नाव नाही म्हणजे त्या बाईचा आपल्याशी संबंध नाही, एवढं साधं गणित. ती महिला कोण असेल यावर गल्लीत पैजा लागल्या. विलैबाईंचं घर बंद होतं, पण त्यांनी ताईला फोनवर सांगितलं होतं की मुलाकडे चालले, पुढचे काही आठवडे येणार नाही, वाट बघू नकोस. किती व्यवस्थित बाई!

त्यानंतर आईला ताप चढला. आईला ताप नवा नव्हता. ताई म्हणाली, हवा बदलली. आम्ही तापाच्या गोळ्या दिल्या, पेज भरवली, कपाळावर ओली फडकी ठेवली. तपासणीला न्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. न्यायचं कशाला? आम्ही देवळात गेलो नव्हतो, बँकेत गेलो नव्हतो. मग आईचे ओठ निळे पडले.

इस्पितळातली तरुण डॉक्टर चिडली होती. "इतके दिवस काय करत होतात? संपर्कात आलोय हे कळल्यावर लगेच आणायला हवं होतं. तेव्हा औषध सुरू केलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

"आम्ही कुणाच्या संपर्कात आलोच नाही हो," ताई म्हणाली.

आम्हालाही रोग निघाला, साधा, नुसती सर्दी. आम्हाला शाळेच्या हॉलमध्ये खाटांवर ठेवलं. तिथेच फोन आला. आईला पिशवीत बांधून त्याच दुपारी जाळली. ना रीतीप्रमाणे तिच्या हातावर शेवटचं पाणी ओतायला मिळालं, ना भिक्खूंचं पठण. आम्ही दोघी आयुष्यभर गावाचे केस विंचरतो आणि आमची आई विस्कटलेल्या केसांनी गेली. ताई त्या खाटेवर तोंडात चादर कोंबून रडत होती, शेजारच्यांची झोपमोड नको म्हणून.

गल्लीने खापर मलिवानवर फोडलं. मासेबाजार म्हणजे रोगाचं घर, दुसरं कोण आणणार? तिच्या टोपलीपाशी कुणी फिरकेना. ती एकदा दाराबाहेर उभी राहून मला म्हणाली, "जुम, मी तपासून घेतलं गं, मला काही नाही. तू तरी विश्वास ठेव." मी हो म्हणाले. आणि मग आणलं कुणी, हे कोडं मनात तसंच राहिलं.

दुकान पुन्हा उघडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात विलैबाई आल्या. जरा वाळल्या होत्या. हातात पांढरं पाकीट, आईच्या नावाने दानधर्म करायला. ताई धावली, खुर्ची पुसली. बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"फार वाईट झालं गं रंपाई. मला यायला हवं होतं, पण मीच तिकडे खाटेवर. मुलाकडे नव्हते मी, इस्पितळात होते."

ताईला कळेना. "तुम्हाला पण झाला होता, बाई?"

"लग्नातूनच आणला. ती कर्ण्यावरची महिला मीच की." मग त्यांनी आवाज खाली केला, काही गुपित भेट द्यावी तसा. "ती आरोग्यवाली पोरगी खोदून खोदून विचारत होती, आणखी कुठे गेला होता, आणखी कुठे. पण मी तुझ्या दुकानाचं नाव नाही घेतलं हो. म्हटलं, आत्ता कुठे बिचारीचं दुकान उघडलंय. नाव आलं तर परत बंद पाडतील, गिऱ्हाईक तुटेल. तेवढं कळतं मला."

मी कात्री खाली ठेवली.

"बाई, त्या दिवशी तुम्हाला बरं नव्हतं का?" मी विचारलं.

"अंग जरा कसकसत होतं. मनात आलं, नको जायला. पण हिने वेळ राखून ठेवलेली, ऐन वेळी कसं नाही म्हणायचं? हिला वाईट वाटलं असतं."

"आणि आईला लांगण भरवलंत."

"हो, किती आवडीने खाल्लंन तिने."

"तुम्ही नाव घेतलं असतं तर आम्ही आईला तेव्हाच नेली असती. डॉक्टर म्हणाली, वाचली असती कदाचित. दुकान बंद पडलं असतं ना? पडलं असतं! खड्ड्यात गेलं असतं दुकान! आई मेली बाई. तुम्ही मारलीत तिला. तोंडावरचं फडकं तुम्हाला सहन झालं नाही आणि आमचं नाव घ्यायला तुमची जीभ रेटली नाही!"

मी ओरडत होते. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. विलैबाई पांढऱ्याफटक पडल्या, पाकीट हातातच राहिलं. मला वाटलं, आता तरी ताई काही बोलेल. एवढं ऐकल्यावर दगडसुद्धा बोलला असता.

"जुम," ताई म्हणाली, "माफी माग."

"काय?"

"बाईंची माफी माग. त्यांनी आपल्या भल्यासाठीच केलं."

"ताई, आपली आई—"

"माहीत आहे मला आपली आई गेली ते!" ती किंचाळली. मी जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज चढलेला ऐकला, आणि तो माझ्यावर. मग लगेच ती खचली, तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि ती फरशीवर गुडघे टेकायला लागली, माझ्या वतीने, बाईंच्या पायांशी. गुडघेदुखीने तिला धड वाकताही येत नव्हतं. भिंतीला हात लावून ती हळूहळू खाली जात होती.

ते मला बघवलं नाही. ती टेकायच्या आत मीच खाली बसले. हात जोडले, डोकं बाईंच्या चपलांपर्यंत वाकवलं.

"चुकलं बाई माझं."

विलैबाईंनी माझ्या केसांवरून हात फिरवला. त्यांचेही डोळे भरून आले होते.

"ऊठ गं पोरी, जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मी नाही मनाला लावून घेत."