परीक्षा होईपर्यंत

माझ्या भावाच्या घरी पाहुणे बिर्याणीसाठी येत नाहीत, यम्नासाठी येतात. सात वर्षांची पोर. कुठलीही तारीख सांगा, ती पटकन वार सांगते. त्यामुळे अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्यांच्या घरच्या हॉलमध्ये जेवणं झाली रे झाली की माझ्या भाचीला मधोमध उभं करायचं, हे ठरलेलं. मला ते कधीच आवडलं नाही, आणि मी ते तोंडावर सांगते. भाऊ गनी म्हणतो, "आपा, तू गप बस."

गेल्या महिन्यात गनीच्या बायकोची, अन्वरीची आई, म्हणजे यम्नाची नानी, रत्नागिरीकडे गावी वारली. शाळेत जायची होईपर्यंत यम्ना त्या नानीच्याच कुशीत वाढलेली. पण हुशार मुलांच्या खास शाळेची परीक्षा तोंडावर आली होती. एरवी फक्त सुट्टीला घरी येणारा गनी लांब रुवैसच्या रिफायनरीतली ड्युटी सोडून धावत आला आणि त्याने फर्मान काढलं, परीक्षा होईपर्यंत पोरीला कळता कामा नये. इकडे आखातात आम्ही सगळेच गावच्या वाईट बातम्या दाबून ठेवतो. कुणाचं बाळंतपण असतं, कुणाची नवी नोकरी.

अन्वरी गावी गेलीच नाही. गेली असती तर यम्नाने कारण विचारलं असतं. सख्ख्या आईचा शेवटचा चेहरा तिने फोनवर पाहिला, बाथरूमचा नळ सोडून रडली, आणि डोळे धुऊन लेकीला रिव्हिजनला बसवलं. मी गनीला वाट्टेल ते बोलले. काही उपयोग झाला नाही.

नानीचा फोन का येत नाही असं यम्नाने विचारलं, तर नेटवर्क नाही म्हणायचं ठरलं होतं. तिने विचारलंच नाही. अन्वरीला बिचारीला हायसं वाटलं.

परीक्षा झाली. शनिवारी दुपारी गनीने दावत ठेवली. "रिझल्ट लागू दे, मग सांगू," तो मला स्वयंपाकघरात म्हणाला. जेवणं झाल्यावर शेजारच्या खैरुद्दीनभाईंनी यम्नाला पुढे बोलावलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"बेटा, माझ्या इन्शाचं लग्न तेरा डिसेंबरला. बोल, कौनसा दिन?"

"संडे, अंकल."

"माशाल्ला! आता एक तारीख तू तुझ्या मनाने सांग."

यम्नाने अन्वरीकडे पाहिलं. "नानीज चाळिसावा इज नेक्स्ट सॅटरडे."

चाळिसावा, म्हणजे माणूस गेल्यानंतरचा चाळिसावा दिवस.

"कोणी सांगितलं तुला?" गनीने विचारलं.

"नोबडी. अब्बा, यू केम होम ऑन अ ट्यूसडे. यू नेव्हर कम ऑन ट्यूसडे. अँड अम्मी लेफ्ट द टॅप ऑन, बट आय कुड हिअर हर."

"मग मला विचारलं का नाहीस, बेटा?" अन्वरी म्हणाली.

"यू वेअर ट्राइंग सो हार्ड, अम्मी." मग ती गनीकडे वळली. "अब्बा, टेस्ट खलास ना? कॅन आय क्राय नाऊ?"

"रड गं बाळा, त्याला काय विचारतेस!" मी म्हणाले. तरी ती तशीच उभी, बापाच्या तोंडाकडे बघत.

गनीने मान खाली घातली आणि कशीबशी हलवली. तेव्हा कुठे पोरीने हुंदका दिला. अन्वरीने धावत जाऊन तिला पोटाशी धरलं, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर आपल्या आईसाठी गळा काढला.