सहावी सायकल

विकासनं साखळी शेवटच्या सायकलीच्या मागच्या चाकातून ओढून घेतली, तंबूच्या बांबूला एक वेढा दिला आणि कुलूप दाबलं. खटका बसल्याचा आवाज आला, तरी त्यानं ते हिसडून पाहिलं. सहा सायकली एकमेकींना टेकून उभ्या होत्या. मडगार्डांवर सगळ्या वाटेची धूळ, हँडलांना निळे झेंडे, आणि कॅरिअरवरच्या वळकट्या सुटून तंबूत गेलेल्या.

"ही एक किल्ली तुमच्याकडे ठेवा, काका. दुसरी माझ्याकडे आहे. तिसरी नाही."

शेषराव सतरंजीवर पाय लांब करून बसले होते. किल्ली त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली, खिशाला वरून सेफ्टी पिन लावली आणि पुन्हा गुडघ्यावर हात ठेवला.

"इथं बाहेर राहतीन का नीट?" त्यांनी विचारलं.

"मी बसतो ना."

सहा डिसेंबरसाठी शिवाजी पार्कात माणसं उतरू लागली होती. ताडपत्र्या ताणल्या जात होत्या, खिचडीच्या कढया चढत होत्या, पुस्तकांच्या स्टॉलवर गठ्ठे सुटत होते. वाशीमकडच्या एका खेड्यातून ही सहा जणं दर वर्षी सायकलनं यायची. आजवर त्यांच्या सायकली मैदानात कधी राहिल्या नव्हत्या. विकासच्या वडिलांनी वरळीच्या चाळीत तळमजल्याच्या पॅसेजमध्ये त्या उभ्या करायला सुरुवात केली, आणि वडील गेल्यावर चाळीतल्या मंडळानं ते काम न विचारताच विकासकडे दिलं. सायकलनं येणारे आणखीही असत. कुणाची घंटासुद्धा कधी गेली नाही, असं मंडळाचा हितेंद्र दर वर्षी भाषणात सांगायचा.

आता चाळ नव्हती. तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत विकासला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं होतं. सोसायटीच्या कमिटीवरही हितेंद्रच होता.

"लॉबीत धुळीच्या सायकली नाही चालणार, विकास," तो म्हणाला होता. "मला वाईट वाटतं, पण लोक माझं डोकं खातात. समजून घे रे."

विकासनं समजून घेतलं होतं. परळच्या एका रुग्णालयाच्या लाँड्रीत तो सुपरवायझर होता. रात्रपाळी संपवून सकाळी घरी न जाता तो थेट मैदानात यायचा, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा आणि दुपारी कुणी तास-दोन तास बसायला आलंच तर तंबूत जाऊन पाठ टेकायचा. त्याची बायको प्रिती डबा घेऊन यायची तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे बघायची आणि डब्याचं झाकण काढून पुढे ठेवायची.

पहिल्याच संध्याकाळी शेषरावांचा मुलगा राहुल त्याला बाजूला घेऊन गेला. राहुल जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता.

"दादा, तुमचं ते ऐकतात. जरा सांगून बघा."

"काय झालं?"

"कसारा घाटात दोनदा खाली बसले. गुडघा असा सुजलेला. मी म्हटलं, सायकल टेम्पोत टाकू, तुम्ही पुढं गाडीनं जा. तर चिडले. म्हणे, सायकलनं आलो तसा सायकलनंच जाईन, नाही तर येणारच नाही. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत." राहुलनं मागे वळून तंबूकडे पाहिलं. "परत जाताना काय होईल, याचीच भीती वाटते मला. येताना घाट उतरायचा होता, आता चढायचा आहे."

विकासनं त्या संध्याकाळी शेषरावांजवळ विषय काढून पाहिला. शेषराव ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "तुह्या बाबाले मी पहिल्यांदा भेटलो न, तवा हीच सायकल होती." बस, तेवढंच. पुढे विचारायला विकासची जीभ रेटली नाही. म्हातारा माणूस उठताना बांबूला धरून उठायचा आणि कुणी बघतंय असं दिसलं की झेंड्याची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागायचा.

सहा तारखेला पहाटेच पाच जण दर्शनाच्या रांगेला गेले. शेषराव मागे राहिले. काल संध्याकाळीच लांबून नमस्कार करून आलो, असं त्यांनी सांगितलं. ऊन चढलं. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. भोंग्यांवरून गाणी, हरवलेल्यांची नावं, पाण्याच्या टँकरची घोषणा असं सगळं एकावर एक येत होतं. विकासची मान दोनदा छातीवर पडली.

"जा, पड जरा आत," शेषराव म्हणाले. "मी बसतो खुर्चीवर."

"नको काका, तुम्हीच पडा."

"म्या काय काम केलं? जा म्हणतो न."

विकास आत गेला. वळकटीवर डोकं टेकल्याचं तेवढं त्याला आठवलं.

जाग आली तेव्हा ताडपत्रीवरचं ऊन दुसऱ्या बाजूला गेलं होतं. शेजारी शेषराव भिंतीकडे तोंड करावं तसं ताडपत्रीकडे तोंड करून आडवे झाले होते. विकास धडपडत बाहेर आला. खुर्ची रिकामी होती. त्यानं सायकली मोजल्या. पुन्हा मोजल्या, या वेळी प्रत्येक सीटवर हात ठेवून. पाच होत्या. शेषरावांची काळी सायकल नव्हती.

आजूबाजूच्या तंबूत तो विचारत फिरला. कुणी पाहिलं नव्हतं. कुणी म्हणालं, इतक्या माणसांत कोण कुणाची सायकल बघणार. तो परत आला आणि साखळी हातात घेऊन खाली बसला. कुठे कापली असेल ते बघावं म्हणून एकेक कडी बोटांतून सरकवत गेला. कडी कुठेच तुटलेली नव्हती. साखळी पाचही चाकांतून नीट ओवलेली होती, बांबूला वेढा होता, आणि वेढ्यानंतर कुलूप होतं.

कुलूप लावलेलं होतं.

विकासचा हात खिशातल्या आपल्या किल्लीकडे गेला; ती जागेवर होती. मग त्यानं तंबूच्या फटीतून आत पाहिलं. शेषरावांची पाठ हलत नव्हती, पण झोपलेल्या माणसाचा श्वास असा रोखलेला नसतो. त्यांच्या पायजम्याच्या एका पायाला चिमटा लावलेला होता. सायकलच्या चेनमध्ये कापड जाऊ नये म्हणून लावतात तसा. सकाळी तो नव्हता.

"दादा! झालं बुवा दर्शन!"

राहुलचा आवाज गर्दीतून आला. मागे बाकीचे चौघे. कपाळं घामानं चमकत होती, हातात कॅलेंडरांच्या सुरळ्या होत्या. वीसेक पावलांवर असतील.

विकासनं खिशातून आपली किल्ली काढली आणि कुलपात फिरवली. कुलूप उघडून त्यानं साखळीला तसंच लोंबकळत ठेवलं. किल्ली खिशात परत जाईपर्यंत राहुल जवळ आला होता.

"बाबांची सायकल कुठाय?"

विकास उभा राहिला. "गेली."

"गेली म्हणजे?"

"चोरीला गेली, राहुल. सकाळी सायकली सरकवायला कुलूप काढलं होतं. लावायचं राहिलं. आणि माझा डोळा लागला."

राहुलनं लोंबकळणारं कुलूप हातात घेतलं, सोडलं. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. त्यातला एक जण सहज बोलल्यासारखं म्हणाला, "चाळीत असती तर नसती गेली." ते विकासच्या कानावर पडलं.

"दादा, असं कसं झालं तुमच्याकडून?" राहुलचा आवाज चढला. "त्या सायकलीत बाबांचा जीव आहे. चला, पोलिसांत देऊ."

"नको देऊस."

"काहून नको?"

"माझी चूक आहे. उगाच एखाद्या गरिबाला धरतील, झोडपतील."

आतून खोकल्याचा आवाज आला. शेषराव बांबूला धरून बाहेर आले. चिमटा पायाला नव्हता. ते आधी उघड्या कुलपाकडे बघत राहिले, नंतर विकासकडे. विकासनं नजर सायकलींवर ठेवली.

"बाबा, सायकल गेली," राहुल म्हणाला.

"हो का," शेषराव म्हणाले. सतरंजीवर बसायला त्यांना वेळ लागला. "जाऊ दे. जुनी झाली होती." थोडं थांबून, "आता मले रेल्वेनंच जा लागंन."

राहुल त्यांच्यासमोर उकिडवा बसला. दोन-तीन दिवसांत बाप पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होता. "जा न, बाबा. मी तिकीट काढतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला राग कुठल्या कुठे गेला होता.

संध्याकाळी हितेंद्र आला. बातमी त्याच्याआधी सगळीकडे पोचली होती. त्यानं सगळ्यांची माफी मागितली, हात जोडले, आणि जाताना विकासच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती यार." विकासनं मान हलवली. प्रिती डबा घेऊन शेजारीच उभी होती. "तू कधी कुलूप विसरतोस?" एवढंच तिनं विचारलं. तोही फक्त "विसरलो" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच जण निघाले. शेषरावांचं तिकीट त्यानंतरच्या दिवसाचं मिळालं होतं, म्हणून विकास त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. पाहुणा वर न्यायला वॉचमननं फक्त नाव विचारलं. लिफ्टमध्ये शेषरावांनी भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून घेतले. घरात आल्यावर प्रितीनं गरम पाण्याची पिशवी त्यांच्या गुडघ्याला लावून दिली. ती कामाला गेली आणि दोघंच उरले तेव्हा ते खिडकीकडे बघत बोलायला लागले.

"मंडपाच्या मागं एक बाई रस्ता झाडत होती. सायनवरून चालत येते म्हणे, पहाटं गाड्या नसतात तवा. तिले म्हटलं, बाई, ही सायकल घेऊन जा."

विकासनं पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ सरकवला.

"तिचा इस्वासच बसंना. म्हणे, बाबा, चोरीची तर नाही? म्हटलं, नाही वो, माहीच आहे. तरी घेईना. मग शपथ घातली." त्यांनी पिशवी जरा सरकवली. "थोडी दूर चालवत नेऊन दाखवली तिले. ब्रेक कसा लागते, ते. शेवटची चालवून घेतली."

"चांगलं केलंत."

"तुह्यावर आलं पण सगळं. मले वाटलं होतं, चोर नेते तशी गेली म्हणतीन लोक. कोणावर यीन, असं नव्हतं वाटलं." ते थांबले. "मी सांगतो राहुलले. घरी गेल्यावर सांगतो."

"नका सांगू."

"काहून?"

"तुम्ही गाडीनं जाणार म्हणून तो खूश होता. राहू द्या."

फोन वाजला. हितेंद्र होता. विकास फोन घेऊन स्वयंपाकघरात गेला.

"विकास, काल मीटिंग झाली. वाईट वाटून घेऊ नको हां. पुढच्या वर्षीपासून सायकलींचं काम नायगावच्या पोरांकडे देतोय. कॅमेरा वगैरे लावतील ते. तू इतकी वर्षं केलंस, आमच्या सगळ्यांच्या लक्षात आहे. पण तूही थकलायस रे."

"बरं," विकास म्हणाला.

"रागावला नाहीस ना?"

"नाही."

फोन ठेवल्यावर तो ओट्याला टेकून उभा राहिला. त्याला वाईट वाटत होतं. वडिलांकडून आलेलं काम असं फोनवरून गेलं होतं, तेही न केलेल्या चुकीपायी. पण त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं की आपले खांदे खाली आले आहेत, आणि कित्येक दिवसांनी मान दुखत नाहीये. दोन्हींतलं खरं कोणतं, ते त्याला ठरवता येईना. त्यानं चहा टाकला.

कप घेऊन बाहेर आला तेव्हा शेषरावांनी विचारलं, "काम काढून घेतलं न?"

"ऐकू आलं?"

"नाही. तुह्या तोंडावरून कळते."

दोघांनी चहा घेतला. चौदाव्या मजल्यावर खालचे आवाज पोचत नव्हते.

"विकास, तू सहा तारखेले रांगेत कधी उभा राह्यला?"

विकासनं आठवून पाहिलं. "लहान असताना. बाबांच्या खांद्यावर बसून. नंतर सायकली होत्या ना."

"इथं राहून?"

"इथं राहून."

शेषराव कपाच्या तळाकडे बघत राहिले. "पुढच्या साली मी रेल्वेनं येतो. जाऊ दोघं."

विकासनं त्यांचा रिकामा कप घेतला आणि आपल्या कपात ठेवला. उठला मात्र नाही.

"किती वेळ लागतो हो, काका?"

"आठ तास. कधी दहा."

"तेवढा वेळ उभंच राहायचं?"

"उभं कुठं राहते कोणी," शेषराव म्हणाले. "सरकत राहा लागते."