मेल्या पाहिजेत त्या मेल्याच पाहिजेत

धाकटीने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि खुर्चीतून उडीच मारली. "जगल्या! मॅडम, माझ्या पेशी जगल्या!"

प्रयोगशाळेत वयाने सगळ्यांत लहान, म्हणून ती सगळ्यांची धाकटी. आज पेशी जगल्या नसत्या तर तिचं काम तिच्याहून जुन्या, सगळ्यांच्या दादाकडे जाणार होतं. मॅडमनी तसं तोंडावर सांगितलं होतं. काम म्हणाल तर पेशींत नवं जनुक घालायचं, त्याला प्युरोमायसिन पचवणारं आणखी एक जनुक जोडून द्यायचं आणि मग वरून प्युरोमायसिन ओतायचं. हे प्रतिजैविक म्हणजे महाखट, पेशीचं प्रथिनं बनवणंच बंद पाडतं. जिच्यात जनुकं शिरली ती तगते, बाकीच्यांचा खेळ खल्लास!

मॅडमनी पाहिलं, पण हसल्या नाहीत. "जनुक न घातलेल्या पेशींची प्लेट दाखव."

आनंदाच्या भरात ती बघायचीच राहिली होती. बघते तर काय, औषध ओतूनही तिथल्या पेशी मजेत! म्हणजे तिच्या पेशी जगल्या त्या जनुकामुळे नव्हेच.

"औषध शिळं असेल गं," दादा म्हणाला. "होतं असं."

"होतं असं म्हणे! तुझ्या पेशींची एक प्लेट दे इकडे."

तिने तेच औषध दादाच्या पेशींवर ओतलं. दोन दिवसांत त्या सगळ्या गारद. म्हणजे औषध चांगलं जहाल होतं, घोळ तिच्या पेशींतच होता.

"तू फ्रीझरमधली कोणती कुपी घेतलीस?" दादाने विचारलं आणि तिने दाखवताच त्याचा चेहरा पडला. "अगं, यांच्यात ते औषध पचवणारं जनुक मीच मागे घातलं होतं. कुपीवर लिहायचं राहून गेलं."

"धन्य आहेस बाबा!"

भांडायला वेळ कोणाला होता? तिने दादाच्याच साध्या पेशी घेतल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. औषध घातल्यावर मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी जनुक नसलेली प्लेट तिने भिंगाखाली सरकवली. सगळ्या पेशी सुटून तरंगत होत्या.

"मेल्या! एकूण एक मेल्या!" ती नाचायलाच लागली. मग दुसरी प्लेट. मेलेल्यांच्या गर्दीत इथेतिथे जिवंत पेशींचे छोटे छोटे पुंजके, तळाला घट्ट चिकटलेले.

मॅडमनी दोन्ही प्लेट सावकाश पाहिल्या. "काम तुझंच," त्या म्हणाल्या.

धाकटीला रडूच फुटलं.

"अगं, इतक्या मेल्या म्हणून रडतेस?" दादाने चिडवलं.

"जगल्या म्हणून रे, गाढवा!" ती म्हणाली, आणि मॅडमसुद्धा खो-खो हसल्या.