वा

आमच्या घराण्याचा सगळा इतिहास एका अक्षरावर उभा आहे.

अप्पा, म्हणजे राजगोपाल, कुंभकोणमचे. बाजारात त्यांचं समयांचं दुकान, माल सगळा समयांसाठी नावाजलेल्या नाचियार्कोविलचा. अम्मा, म्हणजे अलमेलू, तिरुप्पनंदाळची. दोन्ही घरं मराठी, पण उंबऱ्याच्या आतपुरती. बाहेर पाऊल पडलं की तमिळ. अप्पा मुलगी बघायला गेले तेव्हा अम्माला गायला बसवलं होतं. गाणं चालू असताना अप्पा म्हणाले, "वा!" मराठीत ही दाद झाली. तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'. अम्मा गाणं अर्धवट टाकून उठली आणि सरळ अप्पांच्या शेजारी जाऊन बसली.

सगळ्यांची बोटं तोंडात गेली. अप्पांची थोरली बहीण, आमची त्रिपुरसुंदरी आत्या, तेवढी हसली. "आमच्या राजूनं मराठींत म्हटलं, मुलीनं तमिळींत ऐकलं!" हशा पिकला आणि तिथंच सुपारी फुटली. मी नित्या, माझा भाऊ साईकुमार आणि धाकटी रम्या, आम्ही तिघंही त्या एका चुकीची फळं.

ही गोष्ट आत्यानं प्रत्येक बारशाला, मुंजीला, लग्नाला नवी फोडणी देऊन सांगितली. शेवट ठरलेला: "ही आमची न बोलावतां आलेली!" अम्मा पदर तोंडाला लावून हसायची. मला वाटायचं, तिलाही मजा येते. मुलं आईच्या बाबतीत किती ठार आंधळी असतात!

यंदा अप्पांना साठ वर्षं पुरी झाली. साठीला मुलांनी आईबापांचं पुन्हा लग्न लावायचं, ही इकडची रीत. आम्ही मंडप ठरवला, पत्रिका वाटल्या. आदल्या दिवशी नव्या साडीची घडी मोडताना अम्मा शांतपणे म्हणाली, "मी पाटावर बसणार नाहीं."

"अम्मा, अख्खं गाव येणार आहे!"

"येऊं दे. एकदां न बोलावतां जाऊन बसलें, जन्मभर ऐकून घेतलें. आतां तुझ्या अप्पांनीं चारचौघांत बोलावलें तरच बसेन."

इतक्या वर्षांच्या त्या हसण्याखाली हे होतं तर! मला माझीच लाज वाटली. मी तडक दुकानात जाऊन अप्पांना सांगितलं. ते समई पुसत होते. म्हणाले, "सरि."

सरि म्हणजे तमिळमध्ये 'बरं'. अप्पांच्या तोंडी त्याचा अर्थ हो, नाही, बघू, जेवायला वाढा, काहीही असू शकतो.

दुसऱ्या दिवशी मंडप गच्च भरला. अप्पा एका पाटावर, शेजारचा पाट रिकामा. अम्मा हार घेऊन दाराशी उभी, जागची हलेना. गुरुजी मुहूर्ताच्या नावानं खेकसायला लागले. रम्या रडवेली झाली. पुढच्या रांगेत आत्या मजेत बसली होती. नादस्वराच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून मंगलकार्यात ती कानातलं यंत्र काढून ठेवते.

अप्पा उठून उभे राहिले. हातानंच त्यांनी वाजवणाऱ्यांना थांबवलं.

"अलमेलू, त्या दिवशीं तुझं गाणं कांहीं चांगलं झालं नव्हतं."

झालं! मुसळ केरात, मी मनात म्हटलं.

"दुसऱ्या ओळीला अडकलीस. हात कांपत होते. तुझी अम्मा डोळे वटारत होती. असल्या गाण्याला वा कोण म्हणेल? मीं तमिळींतच म्हटलें. ये म्हटलें. गाणं राहूं दे, इकडं माझ्याजवळ ये."

म्हणजे ध चा मा केला होता तो आत्यानं!

"मग अक्का तसं बोलल्या तेव्हां तोंड कां नाहीं उघडलें?" अम्मानं दारातून विचारलं.

"सगळे हसत होते. मज लाज वाटली. मग राहूनच गेलें."

"इतकीं वर्षं?"

"चुकलें माझें," अप्पा म्हणाले. मग मान वर करून, अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असं, "अलमेलू, वा."

अम्माला रडायचं होतं, त्यांना फाडून खायचं होतं, आणि तोंडातून निघालं ते हसू. त्या दिवशी आली असेल तशीच ती मंडपाच्या मधून ताठ चालत आली आणि पाटावर बसली. "बोलावलें म्हणून आलें हो!" सगळ्यांकडे बघून तिनं ठणकावलं. माझ्या आयुष्यात मी इतकी सुखी झालेली नाही.

सगळा मंडप ओरडला, "वा! वा!"

आत्याच्या कानात यंत्र नव्हतं. एवढा आरडाओरडा तेवढा तिच्यापर्यंत पोचला. एवढी माणसं 'ये, ये' म्हणतायत म्हटल्यावर ती काठी टेकत उठली, मंचाच्या पायऱ्या चढली आणि अम्माच्या पाटाशी येऊन उभी राहिली.

"मज कोण बोलावलें?"

उट्टं काढायला याहून चांगली वेळ अम्माला सात जन्मांत मिळाली नसती. अम्मानं तिच्याकडे बघितलं, थोडी सरकली आणि अर्धा पाट मोकळा केला.

"आम्हींच बोलावलें, अक्का," ती तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली. "बसा. तुमच्याबिगर हें लग्न झालेंच नसतें."